आठशे मीटर

जंगमसाहेबांनी शाळेच्या कट्ट्यावर बसून आधी बूट काढले, मग मोजे काढले, मोजे पिळले, आणि मग शाळा बंद करण्याचा आदेश माझ्या हातात दिला.

"वाचा," ते म्हणाले. "आणि आधी घोटभर पाणी द्या."

मी पाणी दिलं आणि वाचायला लागले. पट आठ. एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा उपलब्ध. सबब वरचा झोरेवाडा येथील प्राथमिक शाळा येत्या एक तारखेपासून बंद करून तेथील विद्यार्थ्यांचे समायोजन माळेघर येथील शाळेत करण्यात येत आहे. खाली सही, शिक्का, आणि अंतराच्या रकान्यात शून्य पूर्णांक आठ किलोमीटर.

"साहेब, आज कुठून आलात तुम्ही?"

"माळेघरवरून. जीप तिथंच लावलीय."

"निघालात कधी?"

"साडेआठला."

"आत्ता अकराला दहा कमी आहेत."

"घड्याळ माझ्याकडेही आहे, बाई."

"मग आठशे मीटरला सव्वादोन तास लागले?"

जंगमसाहेब मोजे खिडकीच्या गजावर वाळत घालत होते. "मला लागले," ते म्हणाले. "कागदाला लागत नाहीत."

माणूस वाईट नव्हता. तालुक्यात विस्तार अधिकाऱ्यांच्या तीन जागा, त्यातल्या दोन रिकाम्या, म्हणजे शाळा तपासायचं तिघांचं काम छप्पन्न वर्षांचा हा एकटा गृहस्थ करत होता. त्याच्या पिशवीत आणखी चार शाळांचे असेच आदेश होते. पण त्या क्षणी मला त्याची कीव यायला वेळ नव्हता. माझं डोकं तापलं होतं.

वरचा झोरेवाडा म्हणजे धनगरांची बावीस घरं. खाली धरणाचं पाणी. पाण्याच्या पलीकडच्या काठावर माळेघर. त्यांच्या शाळेचे लाल पत्रे आमच्या फळ्यापासून दिसत आणि वारा इकडचा असला की त्यांची घंटाही ऐकू येई. सरळ रेघ मारली तर अंतर खरंच आठशे मीटर भरेल. पण ती रेघ पाण्यावरून जाणार. पायांनी जायचं तर पाण्याच्या शेपटापर्यंत चालायचं, दोन ओढे उतरायचे, मधलं रान ओलांडायचं आणि पलीकडच्या काठानं तेवढंच परत यायचं. सात किलोमीटर. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी चढलं की तेही बंद. पूर्वी एक होडी होती. ती फुटली. नव्या होडीसाठी मी तीन अर्ज केले होते आणि तिन्हींना 'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे' असं उत्तर आलं होतं. योग्य तो विभाग कोणता, हे अजून मला कळलेलं नाही.

या शाळेवर माझं सहावं वर्ष चालू होतं. दुसऱ्या शिक्षकाची जागा मी आल्यापासून रिकामी. चार इयत्ता मी एकटी शिकवायची, आणि शिकवायचं म्हणजे उरलेल्या वेळात. आधी खिचडीचा आकडा रोज कळवायचा. मग स्वच्छतागृहाचा फोटो, हात धुणाऱ्या मुलांचा फोटो, झाडं लावल्याचा फोटो, लावलेली झाडं जगल्याचा फोटो. एकदा डिजिटल फळ्याचा वापर किती तास होतो ते तातडीनं कळवा असं पत्र आलं. आमच्याकडे वीज नव्हती. तसं कळवलं, तर विहित नमुन्यात कळवा असं दुसरं पत्र आलं.

नवरा कराडला नोकरीला, चार वर्षांची मुलगी सासूबाईंपाशी. शनिवारी दुपारी मी निघायची, सोमवारी पहाटेची गाडी धरून माळेघरला उतरायची आणि पाण्याला वळसा घालून शाळेवर यायची. मधले दिवस वाड्यावरच, शाळेमागच्या खोलीत. त्या वर्षी कुठं माझं नाव बदलीच्या यादीत लागलं होतं. कराडजवळची शाळा, घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. मे महिन्यात आदेश निघणार होता. मुलगी मला फोनवर 'तू' म्हणायची आणि सासूबाईंना 'आई'. त्या यादीचा कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला होता आणि दिवसातून एकदा उघडून बघायची.

जंगमसाहेबांनी वर्गात डोकावलं. आठही पोरं हाताची घडी घालून ताठ बसली होती. पुढच्या ओळीत तिसरीतली सगुणा. वाड्यावरची एकही मुलगी तोवर चौथी पास झालेली नव्हती. सगुणा होईल असं मीच नव्हे, तिची म्हैससुद्धा सांगू शकली असती, कारण म्हशीच्या पाठीवर बसून ती पाढे म्हणायची.

"काय गं," साहेबांनी तिला विचारलं, "माळेघरच्या शाळेत जाशील का?"

सगुणानं जरा विचार केला. "मला पवता येत न्हाय," ती म्हणाली.

साहेब बाहेर आले आणि ओलेच मोजे घालायला लागले.

तेवढ्यात धाकलूदादा आला. धाकलू झोरे म्हणजे सगुणाचा बाप आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. सहीपुरतं शिकलेला, पण समितीची एकही बैठक त्यानं चुकवली नव्हती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी त्याला आदेश वाचून दाखवला. त्यानं तो दोनदा वाचायला लावला.

"सायेब," तो शांतपणे म्हणाला, "सात जायाचं, सात यायाचं. पोरानं शिकायचं कवा आन् जेवायचं कवा? वाटंत गवे हायती. माझी पोरगी आठ वरसांची हाय."

"मला दिसतंय ते."

"मग लिवा की तसं."

"मी लिहून भागत नाही, दादा. शाळेनं स्वतः ऑनलाईन जी माहिती भरलीय, तिच्यावरून हे निघालंय. सात दिवसांत हरकत घ्या. तालुक्याला या, माहिती कुठं चुकली ते बघू."

मग काठी टेकत साहेब उतरले. मी त्याच दिवशी हरकतीचा अर्ज लिहिला. बावीस घरांचे अंगठे आणि सह्या घेतल्या. म्हातारी ठकूआजी अंगठा उठवताना म्हणाली, "बाई, ह्यो अंगठा लई उमटत न्हाय. दोनदा लावू का?" मी दोनदा लावू दिला. त्या दोन दिवसांत मी इतकी चिडलेली होते की पोरांना शुद्धलेखनही धरणाच्या पाण्यावरच घातलं. असल्या आंधळ्या माणसांच्या हाती कारभार असतो, नकाशावर पट्टी ठेवून शाळा मारतात, असं मी धाकलूदादाला येताजाता सुनवत होते आणि तो मान डोलावत होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं तालुक्याला गेलो. धाकलूनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. पंचायत समितीत शिक्षण विभागाची खोली दुसऱ्या मजल्यावर. तिथं मोरगे नावाचा एक तरुण ऑपरेटर बसायचा. त्याच्यापुढे रांग होती आणि त्याच्या पंख्याला पातं एकच होतं. आमचा नंबर दीड तासानं लागला.

मी अर्ज पुढे ठेवला. "अंतर चुकीचं आहे. सात किलोमीटर हवं."

मोरगेनं शाळेचा क्रमांक टाकला. "इथं शून्य पूर्णांक आठ आहे."

"तेच सांगतेय, ते चुकीचं आहे."

"असेल मॅडम. पण आमच्याकडून काही भरलं जात नाही. शाळेच्या लॉगिननंच भरलंय."

"कधी?"

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. गेल्या वर्षीची सप्टेंबरातली तारीख. वेळ दुपारी चार वाजून बारा मिनिटं. आणि त्याखाली ज्या मोबाईल नंबरवरून माहिती भरली गेली, तो नंबर. शेवटचे चार आकडे मी तीनदा वाचले. तो माझा नंबर होता.

मी विसरले होते असं म्हणणार नाही. आदेश हातात आला त्या सकाळीच ते आठवलं होतं, आणि मी आवाज चढवून ते दाबलं होतं. आता ते समोर पडद्यावर उभं राहिलं.

धाकलूदादा माझ्या खांद्यामागून वाकून बघत होता. त्याला इंग्रजी आकडेही वाचता येत नव्हते. "काय म्हंत्यात, बाई? कुणी लिवलंय?"

मोरगे तोवर पुढच्या माणसाचे कागद घ्यायला लागला होता. मी धाकलूकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर माझ्यावरचा पुरता भरवसा होता. आणि मी म्हणाले, "आधीचं आहे. लाडगुरुजींच्या वेळचं."

इतकं सोपं गेलं ते. तोंडातून निघालं आणि मी बॅगेची चेन लावली.

लाडगुरुजी माझ्याआधी या शाळेवर एकोणीस वर्षं होते. वाड्यावर शाळा आली तीच मुळी त्यांच्यामुळे. दगड पोरांच्या बापांनी वाहिले, भिंती गुरुजींनी उभं राहून घालून घेतल्या. पावसाळ्यात ओढ्यापलीकडची पोरं ते पाठीवर बसवून आणायचे. मी आले तेव्हा वाड्यावरचं प्रत्येक माणूस मला, गुरुजी असं करायचे, गुरुजी तसं करायचे, हेच सांगायचं, आणि मला त्यांचा जरा कंटाळाच आला होता. निवृत्त होऊन ते पाटणला मुलाकडे राहत होते. पासष्टीला आलेले, गुडघे गेलेले.

परतताना धाकलू भराभर पुढं चालत होता. मला वाटलं, शाळा जाणार म्हणून चिडलाय. वाड्यावर पोचलो तर शाळेपुढं सगळी जमून बसलेली. त्यानं घोंगडी खाली टाकली आणि सांगितलं, "आपलं आंतर लाडगुरुजीनं लिवलंय. आठशे मीटर."

मग ठकूआजी म्हणाली, "लबाड बोलतोयस."

"बाईनं सोताच्या डोळ्यांनी बघितलंय. इचार तिला."

आजीनं माझ्याकडे बघितलं. "व्हय, बाई?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही, पण तिनं त्याचा अर्थ होकार असा घेतला.

"त्येनं माझा नातू वढ्यातनं पाठीवर आणलाय," आजी म्हणाली. "वढा किती लांब हाय, ह्ये त्येला ठावं न्हाय व्हय? त्यो असं लिवायचा न्हाय. कुणीतरी लिवून घेतलं आसंल."

"लिवून घेतलं आसंल तरी हात त्येचाच," धाकलू म्हणाला. "उद्या सकाळच्याला पाटणला जातो. तोंडावर इचारतो. एकोणीस वरसं आमच्या घरची भाकरी खाल्ली आन् आमच्याच पोरांच्या जिवावर उठला."

"धाकलूदादा, जाऊ दे," मी म्हणाले. "म्हातारा माणूस आहे. आता त्याचा काय उपयोग?"

"उपेग न्हाय, ठावं हाय. पर इचारणार."

ते ऐकून बायका रडायला लागल्या. शाळेसाठी कमी आणि गुरुजींसाठी जास्त, असं मला वाटलं. मी खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला माझा राग आला होता, त्याहून जास्त त्या म्हाताऱ्याचा येत होता, की हा इतका चांगला का वागला म्हणून. माणसाचं मन किती हलकट होऊ शकतं ते मी त्या संध्याकाळी पुरतं बघितलं. पर्समधला यादीचा कागद काढून वाचला. माझं नाव सतरावं होतं. कुणाला काही न सांगता दीड महिना काढला असता, तर मी सुटले असते. शाळा बंद झाली असती, तीही माझ्यामुळे नाही, गुरुजींमुळे.

सकाळी धाकलू निघालेला दिसला. गाठोड्यात भाकरी बांधून, तेच धुतलेलं धोतर. मी पोरांना सगुणाच्या हवाली केलं आणि त्याच्या मागं धावत सुटले. पहिल्या ओढ्यापाशी त्याला गाठला.

"दादा, पाटणला जाऊ नका."

"बाई, तुमी मधी पडू नका."

"ते गुरुजींनी लिहिलेलं नाही. मी लिहिलंय."

त्याला वाटलं मी गुरुजींना वाचवतेय. तो हसलासुद्धा. "तुमचं मन मोठं हाय."

"मन मोठं नाही माझं," मी म्हणाले. "गेल्या सप्टेंबरात मीच भरलंय. माझ्या मोबाईलवरून. काल पडद्यावर माझा नंबर होता. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यानं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग आता?" त्यानं विचारलं.

"आता तालुक्याला जाऊ. जंगमसाहेबांना लिहून देते."

"चला."

गाडीत तो माझ्या पुढच्या बाकावर बसला.

जंगमसाहेब टेबलावर डबा उघडून बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी पोळीचा घास डब्यात परत ठेवला.

"बाई, तुम्ही काय म्हणताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"नुसतं चुकलं असं तोंडी सांगून चालणार नाही. चुकीची माहिती मी भरली असं लेखी द्यावं लागेल. ते जोडलं तर आदेश थांबवायला मला आधार मिळतो, मी स्वतः चालत गेलोय, तसा अहवाल देतो. पण लेखी दिलंत की तुमच्यावर चौकशी लागणार. चौकशी लागली की बदलीच्या यादीतून नाव गेलं."

"माहीत आहे."

"मुलगी किती वर्षांची आहे तुमची?"

"चार."

त्यांनी डबा बंद केला. "का भरलंत असं?"

"घाईत," मी म्हणाले.

ते आणखी काही विचारतील असं वाटलं, पण त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी लिहिलं. खाली सही केली. धाकलू दाराशी उभा राहून सगळं बघत होता. चौकशी म्हणजे काय, यादी म्हणजे काय, हे त्याला कळलं होतं, कारण साहेबांनी एकेक गोष्ट त्याच्या देखत सांगितली होती. साहेबांनी कागदावर आवक क्रमांक टाकला आणि म्हणाले, "जा. एक तारखेला शाळा बंद होणार नाही, एवढं मी बघतो. पुढचं पुढं."

बाहेर आल्यावर मी बसस्टँडवरून नवऱ्याला फोन केला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "तिला काय सांगू ते तूच सांग." मी 'बघते' म्हणाले. फोन ठेवला.

माळेघरला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आम्ही काठाकाठानं चालायला लागलो. तो पुढे, मी मागे. पाण्याच्या शेपटापाशी, जिथं वाट वळते, तिथं धाकलू थांबला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट बघितलं.

"बाई, येक इचारू?"

"विचारा."

"तुमी दर सोमवारी ह्याच वाटंनं येताय. सा वरसं झाली. तुमच्या पायाला ह्यी वाट आमच्यापरास जास्त ठावी हाय. लिवताना ती आठवली न्हाय व्हय?"

साहेबांना दिलेलं उत्तर त्याला देता येईना. 'घाईत' हा शब्द तोंडात आला होता, तो मी गिळला.

"आठवली," मी म्हणाले. "त्या दिवशी रेंज मिळावी म्हणून वरच्या टेकाडावर उभी होते. तिसऱ्यांदा फॉर्म भरत होते, दोनदा उडाला होता. आधी मी सातच लिहिलं होतं, दादा. सात लिहिलं की खाली दुसरं पान उघडायचं. एक किलोमीटरच्या वर अंतर असलं तर मुलं कशी येणार, गाडी आहे का, वाट कसली, ओढे किती, असे चौदा रकाने. मी कंटाळले होते. नकाशावर आठशे दिसत होतं. आठशे लिहिलं की ते पान उघडत नव्हतं."

धाकलूनं ते सगळं ऐकून घेतलं. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"चौदा," तो म्हणाला.

"हो."

"आमची पोरं आठ हायती."

एवढंच बोलून तो चालायला लागला. त्या वेळी त्यानं रागानं काही म्हटलं असतं तर मी माझ्या गेलेल्या बदलीचं नाव काढलं असतं, मुलीचं काढलं असतं. त्यानं तसं काही म्हटलं नाही. आणखी तीन किलोमीटर उरले होते, आणि ते सगळे मी त्याच्या मागून, मान खाली घालून चालले.